नवी कल्पना तुम्हाला लागू पडते का, हे घरीच कसं तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा: रोज कुणीतरी काहीतरी नवं सांगतं. दुपारनंतर कॉफी बंद करा, उभं राहून काम करा, झोपण्याआधी तासभर मोबाइल बाजूला ठेवा, आठवड्यातला एक दिवस मीटिंगविना काढा. त्यामागे संशोधन असतंही, पण ते पुष्कळ लोकांच्या सरासरीबद्दल बोलतं. मला स्वतःला फरक पडतो की नाही, हे महागडी यंत्रं न घेता कसं ठरवायचं?

ठरवता येतं, मात्र प्रत्येक कल्पनेचं नाही. आधी चाळणी लावा. जी गोष्ट सुरू केल्यावर एक-दोन दिवसांत परिणाम दाखवते आणि बंद केल्यावर तितक्याच लवकर ओसरते, ती घरी तपासता येते. कॉफी, झोपेआधीचा मोबाइल, दुपारची डुलकी, कामाच्या वेळचं संगीत, खोलीचं तापमान या सगळ्या अशा गोष्टी. व्यायामाने येणारी ताकद किंवा नवी भाषा शिकायची पद्धत यात बसत नाही, कारण एकदा शिकलेलं पुन्हा 'न शिकलेलं' करता येत नाही. 'याने हृदयविकार टळतो' असल्या दाव्यांचं तर घरी काहीच करता येत नाही. जी घटना आयुष्यात एकदा घडेल किंवा घडणारही नाही, ती सहा आठवड्यांत मोजणार कशी? आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं चालू-बंद करून पाहणं या उत्तराच्या पूर्ण बाहेर आहे. ते डॉक्टरांनीच ठरवून, त्यांच्या देखरेखीखाली व्हायला हवं.

पद्धत नवी नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातले गॉर्डन गायट आणि त्यांचे सहकारी यांनी १९८६ मध्ये एकाच रुग्णावर औषध आणि बिनऔषधाची गोळी आलटून पालटून देण्याची रीतसर चाचणी वैद्यकीय नियतकालिकात मांडली. खाली दिलंय ते त्याचंच घरगुती रूप.

बहुतेक लोक करतात ते असं: खूप वाईट झोप झालेल्या आठवड्यात वैतागून कॉफी सोडतात, पुढच्या आठवड्यात झोप सुधारते, आणि कॉफी दोषी ठरते. यात एक जुना सापळा आहे. झोप, डोकेदुखी, मूड, वजन हे सगळं वरखाली होत असतं. आपण उपाय सुरू करतो तो तळाला पोचल्यावर. तळाहून पुढे काहीही केलं नाही तरी वरच जायचं असतं. इंग्लिश संशोधक फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत हेच दाखवलं होतं: अतिउंच आईवडिलांची मुलं सरासरीने उंचच, पण आईवडिलांपेक्षा कमी उंच निघतात. टोकाची मोजणी पुढच्या वेळी मध्याकडे सरकते. म्हणून 'आधी' आणि 'नंतर' यांची तुलना जवळपास निरुपयोगी आहे. तुलना हवी ती एकमेकांत मिसळलेल्या दिवसांची.

दुसरा सापळा यापेक्षा चिवट. दिवस मिसळायचे म्हटलं की माणूस स्वतःच ठरवू लागतो, 'आज काम जास्त आहे, आज कॉफी घेतो; उद्या निवांत आहे, उद्या नको.' झालं, प्रयोग तिथेच संपला. आता कॉफीच्या दिवसांत ताण भरलाय आणि बिनकॉफीच्या दिवसांत निवांतपणा. रात्री झोप लागली नाही ती कॉफीने की ताणाने, हे कुठलंही गणित वेगळं करून देणार नाही. १९२०च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात याच अडचणीवर काम करत होते. शेताचा एक कोपरा कसदार, दुसरा निकस. खत कुठल्या वाफ्याला घालायचं हे माणसाने ठरवलं की त्याची आवडनिवड त्यात शिरते. त्यांचा तोडगा होता, वाफे चिठ्ठ्या टाकून निवडा. तुमचे दिवस म्हणजे हे वाफेच. कोणत्या दिवशी काय करायचं हे नाण्याने ठरवायचं, आणि सगळ्या दिवसांचं पहिल्याच दिवशी ठरवून ठेवायचं. एवढी एक गोष्ट नीट केली तर बाकी थोडं कच्चं राहिलं तरी चालतं. ही चुकली तर बाकी कितीही काटेकोर असलं तरी उपयोग नाही.

आता एक उदाहरण अगदी तपशिलात घेऊ: संध्याकाळी ५ ची कॉफी झोप लांबवते का?

सकाळची कॉफी मुळीच बदलू नका, आणि याला ठोस कारण आहे. नेहमी कॉफी पिणाऱ्याने ती पूर्ण बंद केली तर १२ ते २४ तासांत डोकं दुखू लागतं, आणि तो त्रास काही दिवस राहू शकतो. मग तुम्ही झोपेवरचा परिणाम मोजत नसता, व्यसन सुटतानाची कुरबुर मोजत असता. सकाळचा कप जसाच्या तसा, फक्त ५ वाजताच्या कपात बदल.

दिवसांच्या जोड्या पाडा: सोमवार-मंगळवार एक, बुधवार-गुरुवार दुसरी. शुक्रवार ते रविवार प्रयोगाला सुट्टी, कारण जागरणं त्याच दिवसांत होतात. सहा आठवड्यांत १२ जोड्या, म्हणजे २४ दिवस. प्रत्येक जोडीसाठी एकदा नाणं उडवायचं. छाप आली तर पहिल्या दिवशी खरी कॉफी आणि दुसऱ्या दिवशी कॅफीन (कॉफीतला झोप उडवणारा घटक) काढलेली. काटा आला तर उलट. जोड्यांचा फायदा असा की आठवडाच वाईट गेला, ऋतू बदलला, घरात पाहुणे आले, तरी त्याचा फटका जोडीतल्या दोन्ही दिवसांना साधारण सारखाच बसतो.

आदल्या दिवसाची कॉफी दुसऱ्या दिवसात उरते का? निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरात कॅफीन निम्मं व्हायला सुमारे ५ तास लागतात. ६० मिलिग्रॅम ५ वाजता घेतलं तर १० वाजता ३०, पहाटे ३ वाजता १५. चोवीस तासांनी जेमतेम दोन मिलिग्रॅम. म्हणजे एक दिवसाचं अंतर पुरतं. पण हा आकडा माणसागणिक बराच बदलतो. धूम्रपान करणाऱ्यांत कॅफीन जवळजवळ दुप्पट वेगाने निघून जातं, गरोदरपणात ते खूप जास्त वेळ टिकतं. तपासायची गोष्ट कॉफी नसून दुसरी काही असेल तर हाच प्रश्न आधी विचारायचा: मागचा परिणाम पुढच्या दिवसात गळतोय का? गळत असेल तर जोडीतल्या दोन दिवसांमध्ये एक-दोन कोरे दिवस सोडा, किंवा दिवसांऐवजी आठवड्यांची जोडी धरा.

मग पुड्या. हे काम घरातल्या दुसऱ्या माणसाने करायचं, तुम्ही नाही. झटपट विरघळणारी साधी कॉफी आणि त्याच प्रकारची कॅफीन काढलेली कॉफी घ्यायची. २४ छोट्या पुड्या, १ ते २४ असे आकडे टाकलेल्या, प्रत्येकीत साधारण २ ग्रॅम. इथे स्वयंपाकघरातला काटा फसवतो. त्याचं लघुतम माप १ ग्रॅमचं असतं, त्यामुळे २ ग्रॅम मोजताना चूक निम्म्यापर्यंत जाऊ शकते. त्यापेक्षा एकच छोटा चमचा ठरवा, सुरीच्या पाठीने सपाट करा, आणि सगळ्या पुड्या त्याच चमच्याने भरा. दोन्ही कॉफींचा दाणा सारखा नसेल तर सपाट चमच्याचं वजनही सारखं येणार नाही. मग दोन्हींचे दहा-दहा चमचे एकत्र तोलून सरासरी काढा आणि चमचे जुळवून घ्या. नाणं तोच माणूस उडवणार, यादी तोच लिहून पाकिटात बंद करणार. तुम्ही फक्त त्या दिवसाच्या आकड्याची पुडी घ्यायची. पाण्याचं, दुधाचं, साखरेचं माप रोज एकच. कॅफीन काढलेल्या कॉफीतही काही मिलिग्रॅम उरतंच, त्याने इथे बिघडत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असं वाटेल. कारण 'आज मी कॉफी घेतलीय' हे माहीत असणं हीच अर्धी जाग आहे. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली सॅमसन नावाची चाचणी. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी अशा ६० जणांना घेतलं ज्यांनी कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन ही गोळी त्रासामुळे सोडली होती. प्रत्येकाला १२ बाटल्या दिल्या: चारमध्ये स्टॅटिन, चारमध्ये तशीच दिसणारी पण औषध नसलेली पोकळ गोळी, चार रिकाम्या. एका महिन्याला एक बाटली, क्रम चिठ्ठीने. त्रास किती झाला याला रोज ० ते १०० मध्ये गुण द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८, पोकळ गोळीच्या महिन्यांत १५.४, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. त्रास खराच होत होता, पण त्याचा बहुतेक भाग गोळी घेण्यातून येत होता, तिच्यातल्या औषधातून नाही. स्वतःचे आकडे पाहिल्यावर निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. माझ्या मते या विषयात नव्याने शिरणाऱ्याने ही एक चाचणी समजून घेतली तरी पुष्कळ झालं.

तुम्हाला कळत नव्हतं हेही तपासा. कॉफी संपवल्यावर लगेच वहीत लिहा, 'आज खरी' किंवा 'आज नकली'. सकाळी उठून लिहू नका. तोवर झोपेचा अनुभव तुमच्या अंदाजात मिसळलेला असतो. २४ पैकी १२ च्या आसपास अंदाज बरोबर यायला हवेत. १८ बरोबर आले तर चवीवरून ओळखलंय असं धरा, आणि निकालावरचा विश्वास तेवढा कमी करा.

काही गोष्टी अशा लपवता येत नाहीत. उभं राहून काम करताना आपण उभे आहोत हे कळणारच. तिथे मोजमाप शक्य तितकं कोरडं निवडा: 'आज कसं वाटलं?' यापेक्षा मोजता येणारं काहीतरी.

काय मोजायचं, हे एकच ठरवा, आणि सुरुवातीलाच लिहून ठेवा. वीस गोष्टी मोजल्या आणि प्रत्येकीत योगायोगाने फरक दिसायची शक्यता ५ टक्के धरली, तर कुठे ना कुठे खोटा फरक दिसायची शक्यता ६४ टक्के होते. मनगटावरची यंत्रं नेमकं हेच करतात: पंधरा आलेख समोर ठेवतात, त्यातला एक हवा तसा निघतोच. अशा यंत्राचा एकूण झोपेचा आकडा तुलनेसाठी वापरायला हरकत नाही, पण 'गाढ झोप इतकी मिनिटं' वगैरेवर निष्कर्ष टांगू नका. प्रयोग चालू असताना त्याचं अॅप अपडेट करू नका. मोजायची रीत मध्येच बदलली तर आधीचे आणि नंतरचे आकडे जुळत नाहीत.

कॉफीच्या प्रयोगात 'झोप लागायला किती मिनिटं लागली' हा आकडा ठीक आहे. तो उठल्यावर १५ मिनिटांच्या आत लिहायचा, पाच-पाच मिनिटांच्या ठोकळ्यात. रात्री घड्याळ पाहत पडायचं नाही. घड्याळ पाहण्यानेच झोप उडते. तुमचा अंदाज दहा मिनिटांनी चुकत असला तरी चालेल, दोन्ही प्रकारच्या दिवसांना तो सारखाच चुकतो.

सकाळची तरतरी मोजायची असेल तर ३० सेंटीमीटरची पट्टी पुरते. हात टेबलावर टेकवून पंजा कडेबाहेर ठेवा, अंगठा आणि बोट यांत २-३ सेंटीमीटर अंतर. दुसऱ्या माणसाने पट्टी वरून धरायची, शून्याची खूण तुमच्या अंगठ्याच्या वरच्या कडेशी. त्याने १ ते ५ सेकंदांत कधीही, न बोलता सोडायची; तुम्ही पकडायची. पट्टी १८ सेंटीमीटर खाली आली तर तुमची प्रतिक्रिया ०.१९ सेकंदाची, २० ला ०.२०, २२ ला ०.२१. दहा वेळा करा, आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधला घ्या. सरासरी नको, एखाद-दोन वेळा लक्ष उडालेलं असतं आणि ते सरासरीला ओढून नेतं. ८ सेंटीमीटरच्या आत पकडली तर ती प्रतिक्रिया नव्हे, अंदाजाने आधीच मारलेली चिमूट. ती फेरी रद्द. आणि पहिले तीन-चार दिवस नुसता सराव करा, कारण सुरुवातीला हात रोज सुधारतो आणि ती सुधारणा फुकटात एखाद्या बाजूच्या पदरात पडते.

वहीत एका दिवसाची एकच ओळ: तारीख, पुडीचा आकडा, अंदाज खरी की नकली, झोप लागायला मिनिटं, आणि 'वेगळं काही' असा एक रकाना. यापेक्षा मोठा तक्ता आखला की दुसऱ्या आठवड्यात वही बंद पडते.

गडबड होणारच. एखाद्या दिवशी प्रवास निघाला, ताप आला, तर ती जोडीच रद्द करा आणि शेवटी एक जोडी वाढवा; त्यासाठी तीन-चार जोड्यांच्या पुड्या आधीच जास्तीच्या करून ठेवा. पण रद्द करायचा निर्णय मिनिटांचा आकडा लिहिण्याआधी घ्यायचा. 'झोप विचित्र झाली' म्हणून दिवस काढून टाकणं म्हणजे उत्तरपत्रिका पाहून प्रश्न वगळणं.

वेगळी गडबड म्हणजे नियम मोडणं. समजा तुम्ही पुड्यांऐवजी साधाच प्रयोग करताय, झोपेआधी मोबाइल 'हो' किंवा 'नको'. चिठ्ठी 'नको' ची आली, तरी तुम्ही मोबाइल पाहिलात. हा दिवस कुठे धरायचा? 'नको' मध्येच. चुकीचं वाटतं, पण बरोबर तेच आहे. ज्या दिवशी मोह आवरला नाही तो दिवस बहुधा आधीच बेचैनीचा असतो. असे दिवस उचलून 'हो' कडे टाकले की 'हो' ची बाजू आपोआप वाईट दिसू लागते. चिठ्ठीने दिलेली जागा बदलायची नाही. असे दिवस फार झाले तर उत्तर वेगळंच मिळालं: ही सवय तुम्हाला पाळता येत नाहीये. तीही माहिती कामाचीच.

सहा आठवडे संपले की पाकीट उघडा. मधे डोकावू नका. तिसऱ्या आठवड्यात निकाल मनासारखा दिसला म्हणून थांबायचं आणि दिसला नाही तर चालू ठेवायचं, असं केलं तर जवळजवळ काहीही सिद्ध करता येतं.

हिशेब सोपा आहे. प्रत्येक जोडीत कोणत्या दिवशी झोप लवकर लागली ते पाहा. बरोबरी झाली तर ती जोडी सोडा. कॉफीचा काहीच परिणाम नसेल तर प्रत्येक जोडी म्हणजे नाण्याची फेक. १२ पैकी १० किंवा जास्त जोड्या नुसत्या योगायोगाने एका ठरावीक बाजूला पडायची शक्यता २ टक्क्यांहून थोडी कमी. ९ किंवा जास्तची ७ टक्के. म्हणून १० ला 'फरक आहे' म्हणा, ९ ला 'असावा, आणखी सहा जोड्या करतो', ८ किंवा खाली आलं तर दावा करू नका. बरोबरीमुळे १० च जोड्या उरल्या तर ९ लागतात.

जिंकलेल्या जोड्या मोजताना फरक किती मिनिटांचा हे हरवतं. म्हणून १२ फरकांचा मधला आकडाही काढा, आणि तो सुरुवातीला लिहून ठेवलेल्या एका ओळीशी ताडून पाहा: 'किती मिनिटांचा फरक असेल तर मी संध्याकाळची कॉफी सोडेन?' कुणी १५ लिहील, कुणी ४०. फरक पक्का पण चार मिनिटांचा निघाला, तर कॉफी प्या. हा प्रश्न आधी न विचारल्याने लोक अतिशय क्षुल्लक फायद्यासाठी आवडती गोष्ट सोडून बसतात.

वजनाबाबत ही रोजची जोडी चालत नाही. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे कार्बोहायड्रेटपासून बनलेल्या साठ्याच्या, एका ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं. कार्बोहायड्रेट कमी केले की ते पाणी निघतं आणि पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो. चरबी तेवढी गेलेली नसते. रोज सकाळी एकाच वेळी वजन करा, सात दिवसांची सरासरी घ्या, आणि निदान तीन-तीन आठवड्यांचे टप्पे धरून पहिला आठवडा हिशेबात घेऊ नका. अशाने सहा महिन्यांतही चारच जोड्या होतात, आणि चारही एका बाजूला पडायची शक्यता १६ त १ असते. थोडक्यात, वजनासाठी ही पद्धत दुबळी आहे.

ऑफिसमधल्या कल्पना, उदाहरणार्थ बुधवारी मीटिंग नाही, एकट्याने नाही तर अख्ख्या टीमने तपासाव्या लागतात. इथे दिवस मोजून उपयोग नाही, कारण बुधवारच्या मीटिंगा गुरुवारी जाऊन बसतात आणि गुरुवार बिचारा बदनाम होतो. आठवडा हे एकक धरा: १२ आठवडे, दोन-दोनच्या जोड्या, नाणं. जोड्या सहाच, म्हणून सहाच्या सहा एका बाजूला पडल्या तरच 'फरक आहे' म्हणा. तशी योगायोगाची शक्यता ६४ त १. मोजायचं ते असं की ज्याचा आकडा फुगवण्यात कुणाला रस नाही. 'बंद झालेली कामं' मोजायला लागलात की लोक एका कामाचे तीन तुकडे करतात. आणि लक्ष दिलं जातंय एवढ्यानेही लोकांचं वागणं बदलू शकतं. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रकाश, विश्रांती, कामाचे तास बदलून पाहण्याचे प्रयोग झाले. त्यांच्या निष्कर्षांवर अजून वाद आहे, पण त्यातून निघालेली सावधगिरी रास्त आहे: दोन्ही प्रकारच्या आठवड्यांत मोजणी सारखीच ठेवा, सारख्याच उत्साहाने.

निकाल 'फरक नाही' असा आला तर त्याचा अर्थ नीट लावा. १२ जोड्यांत मोठा फरक बहुधा पकडला जातो, बारीक निसटतो. आणि उत्तर मिळालं ते एका चमच्याचं, ५ वाजताचं, तुमच्या सध्याच्या दिनक्रमातलं. रात्री ८ ला दोन कप प्यायचे असतील तर नव्या पुड्या बांधाव्या लागतील.